रोशाच्या गवताचं तेल

केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा मनमाडला माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या, बी.एड. किंवा लग्न. वडील रेल्वेत होते. त्यांच्याबरोबर ड्यूटी करणाऱ्या एकांनी सांगितलं, की नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्याला लॅबसाठी मुलगी हवी आहे. कसला कारखाना, तर म्हणे वासाचा.

"वासाचा म्हणजे? चांगल्या की वाईट?" आईने विचारलं. वडिलांना ते माहीत नव्हतं.

मी सिडकोत मावशीकडे राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी मुलाखतीला गेले. पंचाण्णव साल असावं. कारखाना लहानसा होता. अगरबत्ती, साबण, केसांचं तेल बनवणाऱ्यांना जी सुगंधी मिश्रणं लागतात ती तिथे तयार होत. मागच्या शेडमध्ये त्यांची स्वतःची अगरबत्तीही पॅक व्हायची. मालकांनी माझी मार्कशीट पाहिली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, "हे ठीक आहे. पण आमच्याकडे परीक्षा चाचा घेतात."

चाचा तेव्हा साठीच्या पुढचे होते. जुन्या नाशकात त्यांचं घर. त्यांच्या घरात चार पिढ्या अत्तराचं काम चाललं होतं. वडिलांच्या वेळी ते बंद पडलं, आणि चाचा आपलं नाक घेऊन अंबडला नोकरीला आले. हे त्यांचेच शब्द. त्यांनी कागदाच्या तीन अरुंद पट्ट्या तीन बाटल्यांत बुडवल्या आणि माझ्यासमोर धरल्या.

"नाव सांगायचं नाही," ते म्हणाले. "हा वास तुला आधी कुठे आला होता, ते सांग."

पहिली सोपी होती. उन्हाळ्यात आमच्या शेजारी माठात वाळा टाकत. दुसरी पट्टी नाकाशी नेली आणि मी गोंधळले. "गोधड्यांच्या ट्रंकेत. डांबराच्या गोळ्या," मी म्हणाले, आणि मग न राहवून पुढे म्हणाले, "पण मोगराही आहे यात. रात्रभर केसात राहिलेला गजरा सकाळी काढतो ना, तसा."

चाचा हसले. "दोन्ही बरोबर. हे इंडोल. नुसतं घेतलं तर घाण. पण मोगऱ्यात ते असतंच, चिमूटभर. ते काढून टाकलं तर मोगरा प्लास्टिकचा होतो."

तिसऱ्या पट्टीला मी लग्नातली गुलाबदाणी म्हणाले. "पण थोडं पातळ," असंही जोडलं.

"हे जिरॅनिऑल. गुलाबात शेकडो गोष्टी असतात बेटी, त्यातली ही एक. अर्धा गुलाब म्हण." एवढं बोलून ते मालकांकडे वळले. "उद्यापासून येऊ दे हिला."

पुढची दोन वर्षं मी चाचांच्या हाताखाली शिकले. कॉलेजात अल्कोहोल, अल्डिहाइड, एस्टर हे सगळं फळ्यावर पाहिलं होतं. इथे त्यांना अंगं होती, स्वभाव होते. काही पट्टीवर टाकल्या टाकल्या उडून जात, काही दुपारपर्यंत टिकत, आणि चंदन किंवा ऊदासारखे काही दुसऱ्या दिवशीही पट्टी सोडत नसत. हलक्या रेणूंना घाई, जड रेणू निवांत, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण कोणाला कोणाबरोबर बसवायचं, ही कला चाचांची. चार-पाच वास घेतले की नाक दमतं आणि सगळं सारखंच वाटायला लागतं. मग चाचा स्वतःच्या कुर्त्याची बाही हुंगायचे. "आपला स्वतःचा वास म्हणजे शून्य. काट्याला शून्यावर आणायचं आणि पुढे वजन करायचं."

अगरबत्तीचं मिश्रण तर सगळ्यांत अवघड. बाटलीत सुंदर वाटणारा वास काडी पेटवली की जळक्या रबरासारखा व्हायचा. म्हणून एका बंद खोलीत काडी लावायची, आपण बाहेर अंगणात फिरून यायचं, आणि पाहुण्यासारखं दार उघडून आत शिरायचं. त्या पहिल्या क्षणी जे वाटेल ते खरं. मी दिवसातून आठ-दहा वेळा अशी पाहुणी व्हायचे. मावशी म्हणायची, तू घरात आलीस की देव्हारा चालत आल्यासारखं वाटतं.

पॅकिंगच्या शेडमध्ये ज्या बायका होत्या, त्यांत पेठच्या बाजूच्या डोंगरातली एक ताई होती. पस्तिशीची, शिडशिडीत, कमी बोलणारी. नवरा-बायको आधी द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरायचे. मग तिला इथे काम मिळालं. नवरा भात-नागलीची शेती बघायला पाड्यावर राहिला, दोन मुली सासूजवळ. ही लावणीला जायची, कापणीला जायची, बाकी वर्ष नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका खोलीत तीन बायकांबरोबर राहायची. मला ती 'म्याडम' म्हणायची, मी तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान असूनही.

दिवाळीनंतर ती गावाहून परत आली, तेव्हा आमच्यासाठी वालाच्या शेंगा घेऊन आली. शेंगांची जुडी गवताच्या एका लांब पात्याने बांधली होती. मी गाठ सोडायला गेले, ती सुटेना, म्हणून पातं नखाने तोडलं. आणि थांबले. बोटाला गुलाबाचा वास येत होता.

गुलाबाचा, आणि त्याच्या मागे थोडं आलं किसल्यासारखं काहीतरी. मी ते पातं चुरगळलं. वास दुप्पट झाला.

"ताई, हे कुठलं गवत?"

"ते? डोंगरावर लय हाय, म्याडम. रोशा म्हणतात. गुरं कोवळं असताना खातात, मग तोंड नाय लावत. आम्ही घरावर घालतो."

"घरावर?"

"छपराला. कीड नाय लागत."

मी पातं मुठीत धरून लॅबमध्ये पळाले. चाचांनी ते नाकाशी नेलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

त्या दुपारी कोणतंही काम झालं नाही. चाचा त्यांच्या आजोबांबद्दल बोलत राहिले. आजोबांच्या काळी थंडी सुरू झाली की माणसं तांब्याच्या मोठ्या देगा, म्हणजे हंडे, बैलगाडीवर घालून खानदेशच्या जंगलात जायची, ओढ्याकाठी भट्ट्या लावायची आणि रोशाचं तेल काढायची. ते मुंबईला जायचं, तिथून जहाजाने तुर्कस्तानकडे. तिकडे गुलाबाचं महागडं तेल बनवणारे व्यापारी त्यात हे मिसळायचे, कारण दोघांतही तेच जिरॅनिऑल. घेणाऱ्याला फरक कळायचा नाही.

"म्हणजे भेसळीचं तेल," मी म्हणाले.

"भेसळ माणसांनी केली," चाचा म्हणाले. "गवताचा काय दोष? त्याला स्वतःच्या नावाने कोणी विकलंच नाही." मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नाशिकला गुलशनाबाद म्हणायचे एके काळी. फुलांचं गाव. माझ्या घरात गुलाबाची देग आहे अजून, पण तिच्याखाली जाळ पेटवून तीस वर्षं झाली. मला वाटलं होतं, आता ते सगळं पुस्तकातच राहिलं."

मला त्या ताईचा चेहरा आठवला. मी विचारलं, "आपण काढून बघायचं का तेल?"

मालक नाराजीनेच तयार झाले. एक रविवार आणि कारखान्याचा टेम्पो, एवढंच देईन म्हणाले. चाचांच्या घरी त्या देगेत तांदूळ साठवलेले होते. त्यांच्या सूनबाईंनी कुरकुर न करता ते पिंपात ओतले. वाफ गोळा करायचं भांडं, ज्याला भपका म्हणतात, ते केव्हाच मोडीत गेलं होतं. जुन्या नाशकातल्या तांबट आळीतून नवीन करून घेतलं. ठोकणाऱ्या कारागिराने चाचांकडे बघत विचारलं, "हे माझ्या आजोबांच्या हातचं काम. कोणाला हवंय आता?" चाचा म्हणाले, "आम्हाला."

पेठ ओलांडून पुढे आठ-नऊ मैलांवर ताईचा पाडा होता. शेवटचा चढ टेम्पोला जमला नाही. तिच्या नवऱ्याने आणि दिरांनी देग बांबूला बांधून खांद्यावरून नेली. चाचा मागून एकेक पाऊल टाकत, दर वळणावर थांबत. डोंगराच्या उतारावर कमरेएवढं गवत उभं होतं, आणि त्याचे तुरे तांबूस पडले होते. वारा आला की सगळा उतार गुलाबाचा व्हायचा. चाचांनी काठी खाली टाकली आणि दोन्ही हातांनी तुरे धरून चेहरा त्यात खुपसला. तिथल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

पद्धत सोपी आहे. देगेत पाणी आणि गवत घालायचं, झाकण चिकणमातीने आणि कापसाने लिंपायचं, बांबूची नळी लावून ती भपक्यात सोडायची, भपका ओढ्याच्या गार पाण्यात ठेवायचा. खाली जाळ लावला की वाफ गवतातला वास उचलून नळीतून जाते, गार पडते, आणि पाणी होऊन साठते. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं. शाळेत हे सगळं काचेच्या भांड्यांत केलं होतं. इथे भांडं मुलगी आत उभी राहील एवढं होतं.

दुपारी तीनला भपका उघडला. पाण्यावर पिवळसर तेल तरंगत होतं. पाड्यावरची माणसं वाकून बघू लागली, एकमेकांना हाका मारू लागली. चाचांनी पट्टी बुडवली, हुंगली आणि मला दिली. गुलाब होता. पण त्याच्यावर भाकरी करपल्यासारखा वास बसला होता.

"जळलं," चाचा म्हणाले. "तळाचं गवत देगेला लागलं. वाफेऐवजी धूर आला." ते दगडावर बसले. एवढा प्रवास, एवढी खटपट. त्यांच्या वयाला ते सोसवलं नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं.

ताई इतका वेळ चुलीला लाकडं सारत होती. तिने विचारलं, "गवत पाण्यात बुडायलाच पायजे का?"

"मग कसं काढणार?" चाचा म्हणाले. "गुलाबाच्या देगेत असंच करतात. पाकळ्या पाण्यात पोहतात."

"करांदे उकडायचे असले की आम्ही खाली काड्या लावतो. आडव्या-उभ्या. करांदा पाण्याला लागू देत नाय. नुसती वाफ." करांदे म्हणजे डोंगरातले कडू कंद. ती सरळ चाचांकडे बघत होती. "गवताला पण वाफच लागते ना?"

चाचांनी मान हलवली. नाही अशी. चार पिढ्यांत असं कोणी केलं नव्हतं. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात ते स्वतःच थांबले आणि म्हणाले, "पण गवत म्हणजे पाकळी नाही. जड आहे. तळाला बसणारच." मग थोड्या वेळाने, "काड्या आहेत का इथे?"

काड्यांना काय तोटा. ताईच्या नवऱ्याने बांबू चिरून त्याची जाळी विणली आणि देगेत पाण्याच्या वर बसवली. त्यावर सकाळीच कापून सावलीत पसरलेलं, थोडं कोमेजलेलं गवत. टेम्पोच्या ड्रायव्हरला परतायची घाई झाली होती, पण ताईच्या सासूने त्याला नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला आणि तो निमूट बसला. दिवस मावळायच्या आत दुसरा भपका उघडला. तेल आधीपेक्षा थोडं, पण स्वच्छ. चाचांनी पट्टी हुंगली. मला दिली नाही. उठून ताईकडे गेले आणि तिला दिली.

"घे. तुझं आहे."

ताईने हुंगलं. म्हणाली, "हे तर आमचं छप्पर." आणि हसली. तिला एवढं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मालकांनी ते तेल मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवलं. रिपोर्ट उत्तम आला. "पुढच्या हंगामात जास्त आणा, घेतो," ते म्हणाले. ताई पाड्यावर निरोप घेऊन गेली आणि पाच-सहा घरं तयार झाली. द्राक्षाच्या कामाला खाली जाण्याऐवजी दिवाळीपासून दोन महिने तिथेच थांबायचं, गवत कापायचं, तेल काढायचं. चाचांनी देग त्यांच्याकडेच ठेवली.

पुढच्या वर्षी काचेच्या मोठ्या बरण्यांत भरून तेल आलं. ते आणायला ताई आणि तिचा नवरा दोघंही आले होते, स्वच्छ कपडे घालून. मालकांनी पट्टी घेतली, कपाळाला आठी घातली, माझ्याकडे दिली. वास टोचत होता. गुलाब कुठेतरी मागे, आणि पुढे तिखट, जिऱ्यासारखं, आल्यासारखं काहीतरी अंगावर येत होतं.

"हे ते तेल नाही," मालक म्हणाले. ते चिडले नव्हते, पण ठाम होते. "हे मी साबणाच्या गुलाबात घालू शकत नाही."

ताईच्या नवऱ्याला वाटलं, त्यांनी काही मिसळलं असं मालक म्हणताहेत. त्याचा चेहरा उतरला. "साहेब, आम्ही पाणीसुद्धा ओढ्याचं घेतलं. दुसरं काय नाय टाकलं." मालकांनी पट्टी टेबलावर ठेवली. ती दोघं बरण्या तशाच ठेवून निघून गेली. दुसऱ्या दिवशी ताई कामाला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

त्या दिवसांत मला जेवण जाईना. सहा घरांना मी डोंगरावर थांबवलं होतं. त्यांचा एक हंगाम माझ्या शब्दावर गेला होता, आणि काय चुकलं तेही मला सांगता येत नव्हतं. चाचांनी बरणीतलं तेल पुनःपुन्हा तपासलं. भेसळ नव्हती. शेवटी मी दोन्ही वर्षांच्या तेलाच्या छोट्या बाटल्या पर्समध्ये टाकल्या आणि एसटीने पेठला गेले. तिथून जीप, आणि पुढे पायी.

पाड्यावर मला कोणी बोल लावला नाही. त्यामुळे अधिकच अवघड वाटलं. ताई अंगणात भात पाखडत होती. मी बसले आणि दोन्ही बाटल्या तिच्यापुढे ठेवल्या. तिने पहिली उघडली, हुंगली. दुसरी उघडली, आणि लगेच म्हणाली,

"ह्यात खालचं गवत हाय."

"खालचं म्हणजे?"

"ओढ्याकडचं. ओलीतलं. वरच्या उतारावरचं गोड, खालचं नाकात टोचतं." तिने उठून दोन वेगळ्या जागांची पाती आणली आणि माझ्या हातात दिली. दिसायला दोन्ही सारखी. तसाच तुरा, तसंच पातं. चुरगळली, आणि दोन वेगळी झाडं झाली.

"ताई, तुम्हाला हे माहीत होतं?"

"पोरीसोरींना पण माहीत हाय."

"मग सांगितलं का नाही?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही म्हणला, रोशा कापा. दोन्ही रोशाच. वाटलं, तुम्हाला कळतंय, तुम्ही शिकलेल्या."

मला रडू आलं. लाज आणि सुटका दोन्ही एकदम. मी म्हणाले, "चूक माझी आहे. मी विचारलंच नाही." ताईने सूप बाजूला ठेवलं आणि आत जाऊन माझ्यासाठी कोरा चहा केला. कप हातात देताना म्हणाली, "रडू नको, बाय. गवत काय पळून जात नाय. पुढल्या साली वरचंच कापू." त्या दिवसापासून तिने मला पुन्हा कधी म्याडम म्हटलं नाही.

परत येऊन चाचांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "मोतिया आणि सोफिया! आजोबा नेहमी म्हणायचे, मोतिया शहाणी, सोफिया तिखट. मला लहानपणी वाटायचं, गोष्टीतल्या दोन बहिणी आहेत." ते बराच वेळ हसत राहिले, मग एकदम गंभीर होऊन बरण्यांपाशी गेले. "आता ह्या सोफियाचं काहीतरी केलं पाहिजे."

तीन आठवडे ते त्या तेलाच्या मागे लागले. गुलाबात ते बसत नव्हतं, म्हणून त्यांनी गुलाब सोडूनच दिला. गवती चहाचं तेल घेतलं, वाळा घेतला, थोडा कापूर. तिखटपणा झाकायचा नाही, त्याला बरोबरीची संगत द्यायची, असं त्यांचं चाललं होतं. मी बंद खोलीत काड्या लावत होते, बाहेर फिरून येत होते. एका सकाळी दार उघडलं आणि मला वाटलं, पावसाळा संपल्यावर कोणीतरी अंगण झाडून ठेवलंय. मालक आत आले, उभे राहिले, आणि म्हणाले, "हे कशाचं आहे?" त्या वर्षी दिवाळीत आमची ती अगरबत्ती खूप चालली. बरण्या रिकाम्या झाल्या, आणि टेम्पो पाड्याकडे पुन्हा गेला, या वेळी मालकच पुढे बसून.

तिसऱ्या हंगामाची तयारी ताईने पावसातच सुरू केली. कोवळं पातं चुरगळून ती ठरवायची. टोचणाऱ्या गवताच्या थोंबांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायची, म्हणजे कापणाऱ्यांनी ती वेगळी ठेवावीत. एकदा मी तिच्याबरोबर हिंडले. दहा थोंबांनंतर माझं नाक दमलं. मी ओढणी हुंगत उभी राहिले, आणि ती पुढे चालत राहिली. मी तीन वर्षं शिकून जे करत होते, ते तिला कोणी न शिकवता येत होतं. त्या वर्षीचं तेल चाचांनी बाटलीतून पट्टीवर घेतलं, हुंगलं आणि पट्टी वहीच्या पानात ठेवून दिली.

दोन हजार एक-दोनच्या सुमाराला ताईने पॅकिंगचं काम सोडलं. शेवटच्या दिवशी शेडमधल्या बायकांना तिने गूळ-शेंगदाणे वाटले. मी विचारलं, "आता नाशिकला येणार नाही?" म्हणाली, "येईन की. पण वस्तीला नाय. सकाळची येऊन सांजच्याला पोरींजवळ."

त्याच काळात चाचा हळूहळू मिश्रणात चुकायला लागले होते. आधी मला वाटलं, दृष्टी अधू झाली. मग एकदा त्यांनी वाळ्याची पट्टी हातात धरून मला विचारलं, "यावर काही आहे का ग?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "मला येत नाही. वर्ष झालं." नाकातल्या वास घेणाऱ्या पेशी आयुष्यभर नव्याने उगवत असतात, पण वय झालं की त्यांचा वेग मंदावतो. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे दुकान चालू आहे, माल कमी येतो." मालकांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आता ही." मला त्यांच्या खुर्चीवर बसायला महिना लागला.

पण त्यांनी येणं सोडलं नाही. हंगामात ताई तेल घेऊन आली की ते हजर. एका दुपारी ताईने नवी बाटली उघडली, आणि चाचा म्हणाले, "मला कळत नाही आता. तू सांग, कसं आहे?"

ताईने हुंगलं. विचार केला. "सकाळचं हाय. दव वाळलं, पण ऊन चढलं नाय, तेव्हाचं. मागं थोडं मधासारखं."

"तुरा पूर्ण उमलला होता?"

"अर्धा."

"मग त्याला तीन महिने अंधारात ठेव," चाचा माझ्याकडे वळून म्हणाले. "आणि चंदनाबरोबर बसव. थोडं. शंभराला पाच." मी तीन महिन्यांनी तसं केलं. त्यांनी जो वास घेतलाच नव्हता, त्याचं त्यांनी सांगितलेलं प्रमाण अचूक निघालं. त्यातून त्यांच्या आयुष्यातलं शेवटचं अत्तर तयार झालं. बाटलीवर मालकांनी गुलाबाचं चित्र छापायला काढलं होतं. चाचांनी ते खोडून गवताचं काढायला लावलं.

पुढे पाड्यावरच्या बायकांनी बचत गट केला. दोन हजार सहा-सातच्या हिवाळ्यात त्यांनी स्टीलचं मोठं यंत्र घेतलं, वेगळ्या बॉयलरचं. आता वाफ बाहेर तयार होऊन गवतात शिरणार होती, करपायची भीतीच नाही. ट्रकही शेवटच्या चढाला थांबला. दोरखंड लावले, आणि आजूबाजूच्या तीन पाड्यांवरची माणसं ओढायला आली. सुरगाण्याच्या बाजूच्या काही बायका शिकायला म्हणून आल्या होत्या, त्याही ओढत होत्या. ताईची थोरली मुलगी, जी तेव्हा पेठच्या कॉलेजात सायन्सला होती, सगळ्यांच्या पुढे उभी राहून "आता, आता" असं ओरडत होती.

चाचांना नातवाने जीपने आणलं होतं. त्यांना नळीजवळ खुर्ची टाकून दिली. जेवणं झाल्यावर बॉयलर पेटवला. ताईची मुलगी घड्याळ बघत होती, मी तापमानाचा काटा बघत होते. नव्या यंत्राला किती वेळ लागेल, कोणालाच नक्की माहीत नव्हतं.

चाचांनी नळीवर तळहात ठेवला. गरमपणा नळीतून पुढे सरकत होता, त्याच्याबरोबर त्यांचा हातही सरकत गेला, थंड पाण्याच्या टाकीपर्यंत.

"भांडं धरा," ते म्हणाले. "आलं."

ताईने काचेचं भांडं पुढे केलं. पहिल्यांदा पाणी आलं, मग पाण्याबरोबर तेलाचे बारीक थेंब, वर येऊन एकमेकांना मिळणारे. सुरगाण्याच्या बायका भोवती दाटल्या. पहिला वास कोणी घ्यायचा यावरून त्यांच्यात वाद सुरू झाला, आणि ताई त्यांना दोन्ही हातांनी मागे सारत सांगत होती, "आधी हात धुवा गं, मिरची कांडून आल्यात सगळ्या."